जुन्या हलक्या विमानाचं वंगण आणि नियमित देखभाल: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

पायपर जे-३ कब, एरोन्का चॅम्प, सेसना १४०, टायगर मॉथ ही १९३० आणि १९४०च्या दशकातली विमानं. रचना साधी, सगळे सांधे डोळ्यांना दिसणारे. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की देखभालही सोपीच असणार. मग अडतं ते वंगणावर. मॅन्युअलमध्ये ज्या ग्रीसचं नाव आहे ती बनायची कधीच थांबलेली असते. हँगरमधला एक जण म्हणतो, गाडीचं ऑइल चालतं. दुसरा म्हणतो, सगळीकडे एकच ग्रीस मार. या गोंधळातून मीही गेलो आहे, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. वंगणाची फेरी ही खरं तर तपासणीची फेरी असते. तेलाची कुपी आणि ग्रीस गन घेऊन फिरताना तुमचा हात विमानाच्या जवळजवळ प्रत्येक हलत्या सांध्यावरून जातो. इतक्या जवळून तो सांधा एरवी कुणी बघत नाही. सैल झालेली पिन, तुटलेली केबलची तार, तडा गेलेली पट्टी ही याच फेरीत सापडते. म्हणून हे काम घाईने उरकू नका, आणि ‘फक्त ग्रीस मारायचं आहे’ म्हणून विमानाची माहिती नसलेल्या माणसाच्या हाती देऊ नका.

१. आधी कागद

कोणतं काम मालक-वैमानिकाने स्वतः करायचं आणि कोणत्या कामाला परवानाधारक इंजिनिअरची सही लागते, हे त्या त्या देशाचा नियम ठरवतो. अमेरिकेत विमान-नियमांच्या भाग ४३च्या परिशिष्ट ए मध्ये याची यादीच दिली आहे. चाकांची बेअरिंगं साफ करून ग्रीस भरणं, प्लग साफ करून गॅप लावणं, इंधनाची व ऑइलची गाळणी साफ करणं, सेफ्टी वायर (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार) आणि स्प्लिट पिन बदलणं ही कामं त्या यादीत आहेत. कव्हर प्लेट, काउलिंग (इंजिनवरचं आवरण) आणि फेअरिंग (सांध्यांवरची गुळगुळीत आवरणं) यांपलीकडे काही खोलावं लागत नसेल तर वंगण देणंही त्यात येतं. तुमच्या नोंदणीच्या देशात कोणती यादी लागू आहे ते आधी वाचा. हाताला जमतं म्हणून करायची मुभा आहे, असं नसतं.

मग हे कागद एका फाइलमध्ये जमवा:

- विमानाची टाइप सर्टिफिकेट डेटा शीट. कोणतं इंजिन मान्य आहे, ऑइल किती मावतं ते यात असतं.
- विमान, इंजिन, प्रोपेलर, मॅग्नेटो (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग), कार्ब्युरेटर आणि चाकं-ब्रेक यांची मॅन्युअलं, प्रत्येकाचं वेगळं.
- लागू असलेल्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (सरकारी यंत्रणेचे सक्तीचे आदेश) आणि सर्व्हिस बुलेटिनची (उत्पादकाच्या सूचना) यादी.
- विमानाचं, इंजिनचं आणि प्रोपेलरचं लॉगबुक.
- आजवर झालेल्या फेरबदलांचे कागद.

या शेवटच्या ओळीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात या विमानावर कितीतरी भाग बदललेले असतात. मूळ मॅन्युअल ज्या चाकांबद्दल बोलतं ती चाकं कदाचित पन्नास वर्षांपूर्वीच निघाली असतील. काही जुन्या चाकांत पितळी बुश असायचे, नंतरच्या चाकांत टेपर रोलर बेअरिंग आलं. दोघांचं वंगणही वेगळं आणि नट आवळण्याची रीतही वेगळी. तेव्हा विमानावर आज काय बसलेलं आहे ते पाहा, भागावरची पाटी वाचा, आणि त्या भागाचं मॅन्युअल मिळवा.

एवढं झालं की स्वतःच्या विमानाचा वंगण-तक्ता बनवा. विमानाची बाजूची आणि वरची आकृती काढा, वंगणाच्या प्रत्येक जागेला आकडा द्या, आणि पुढे लिहा: काय लावायचं, किती तासांनी, कोणतं झाकण उघडावं लागतं. मॅन्युअलमधल्या बंद पडलेल्या उत्पादनाच्या जागी आज काय वापरायचं हे तेल बनवणाऱ्या कंपन्यांच्या पर्याय-सूचीत मिळतं, आणि त्या जातीच्या विमानांचे क्लबही सांगतात. पण निवड पक्की करण्याआधी ती तुमच्या इंजिनिअरकडून तपासून घ्या.

२. हत्यारं आणि सामान

ग्रीस गन शक्यतो दोन ठेवा, दोन वेगळ्या ग्रीससाठी, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. बाकी लागतं ते असं: लांब नळीची तेलाची कुपी, टॉर्क पाना, सेफ्टी वायरची पक्कड, ०.०३२ आणि ०.०४१ इंच जाडीची सेफ्टी वायर, नव्या स्प्लिट पिना, आरसा, चांगला टॉर्च, चुंबक, मिनरल स्पिरिट, मऊ ब्रश, सुती फडकी, हातमोजे, चष्मा. केबलचा ताण मोजायला टेन्सिओमीटर लागतो. तो महाग असतो, उसना मिळाला तरी चालेल, पण कॅलिब्रेट केलेला हवा.

फडकी मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा. हत्यारांचंही तसंच. मागच्या भागात विसरलेला एक पाना एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या फळीच्या) केबलमध्ये अडकला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

३. प्रोपेलर, चाकं आणि सफाई

काउलिंगला हात लावण्याआधी मॅग्नेटोचा स्विच बंद करा, इंधनाचा कॉक बंद करा, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा आणि शेपूट बांधा. तरीही प्रोपेलर ‘जिवंत’ आहे असंच समजून वागा. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विच बंद असताना त्याची वायर त्याला ग्राउंड करून गप्प ठेवते. ती वायर तुटली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते आणि प्रोपेलर किंचित फिरवला तरी इंजिन पेटू शकतं.

वंगणाआधी सफाई. निपलच्या (ग्रीस आत देण्याच्या छोट्या तोटीच्या) तोंडावर बसलेली धूळ न पुसता गन लावली तर ती धूळ तुम्ही स्वतःच्या हाताने बेअरिंगमध्ये ढकलता. प्रेशर वॉशर मात्र या विमानांवर वापरू नका. जोराचं पाणी बेअरिंगमध्ये, बिजागऱ्यांत आणि विमानावरच्या कापडी आवरणाच्या आत शिरतं आणि तिथून गंज सुरू होतो. ब्रश, थोडं सॉल्व्हंट आणि फडकं पुरेसं असतं. पिटो नळी आणि स्टॅटिकची भोकं (वेग-उंची दाखवणाऱ्या उपकरणांना हवेचा दाब इथून मिळतो) आधी झाका, आणि ती झाकल्याचं लक्षात राहील अशी लाल फीत बांधा.

४. इंजिनचं ऑइल

देखभालीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, म्हणून इथे सविस्तर.

कोणतं ऑइल? गाडीचं ऑइल भरू नका. त्यात धातूंचे क्षार असलेले डिटर्जंट असतात. ते जळल्यावर राख उरते, सिलिंडरमध्ये साचते आणि तापून लाल झाली की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. हवेने थंड होणाऱ्या विमान-इंजिनला हे सोसत नाही. विमानासाठी दोन प्रकारची ऑइलं असतात. एक साधं मिनरल ऑइल, एसएई जे-१९६६ या मानकाचं. दुसरं राख न सोडणारं डिस्पर्संट ऑइल, एसएई जे-१८९९ या मानकाचं. डिस्पर्संट ऑइल काजळी आणि शिसं स्वतःत तरंगत ठेवतं आणि ऑइल बदलताना ती घाण बाहेर जाते. साधं ऑइल मात्र घाण तळाशी बसू देतं.

ग्रेडच्या आकड्यांनी गोंधळू नका. विमानाचं ग्रेड ८० म्हणजे एसएई ४० आणि ग्रेड १०० म्हणजे एसएई ५०. डब्यावर १०० आधी ‘डब्ल्यू’ असेल तर ते डिस्पर्संट ऑइल आहे. गाडीच्या डब्यावरच्या हिवाळी ग्रेडशी त्याचा संबंध नाही. कोणत्या तापमानाला कोणतं ग्रेड हे इंजिनचं मॅन्युअल सांगतं.

इथे एक मोठा सापळा आहे. एखादं जुनं इंजिन वर्षानुवर्षं साध्या मिनरल ऑइलवर चाललं असेल तर त्याच्या आत गाळाचे थर असतात. त्यात एकदम डिस्पर्संट ऑइल भरलं की ते थर सुटू लागतात आणि जाळीत किंवा ऑइलच्या वाटेत अडकू शकतात. असा बदल करायचा असेल तर इंजिनिअरला विचारून करा, आणि पहिल्या काही वेळा ऑइल लवकर बदलून दर खेपेला जाळी बघा. नव्या किंवा नुकत्याच ओव्हरहॉल झालेल्या इंजिनात, ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत, बहुधा साधं मिनरल ऑइलच सांगितलेलं असतं.

कधी बदलायचं? काँटिनेंटल ए-६५ सारख्या इंजिनांना मुळात फिल्टर नसतो, फक्त तारेची जाळी असते. अशा इंजिनचं ऑइल दर २५ तासांनी बदलायचं. पूर्ण प्रवाहाचा फिल्टर बसवलेला असेल तर ५० तास. आणि तास भरले नाहीत तरी ४ महिन्यांनी बदलायचंच. हा महिन्यांचा नियम जुन्या विमानांना फार लागू पडतो, कारण ही विमानं कमी उडतात. उभ्या विमानाच्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साचतं आणि आतले भाग गंजतात.

याच कारणाने, आठवड्यातून एकदा इंजिन जमिनीवरच चालवून बंद करणं चुकीचं आहे. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, थोडी ऑइलमध्ये शिरते. ती उडून जायला ऑइल चांगलं तापावं लागतं, साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास. जमिनीवर ते तेवढं तापत नाही. अर्धा-पाऊण तास उडता येत नसेल तर इंजिनला हातच लावू नका. बराच काळ विमान उभं राहणार असेल तर गंजरोधक ऑइल भरून, रीतसर झाकून ठेवा. मधूनमधून हाताने प्रोपेलर फिरवायची जुनी पद्धतही बंद करा. त्याने नवं ऑइल वर चढत नाही, उलट भिंतीवरचा पातळ थर पुसला जातो.

कसं बदलायचं?

इंजिन गरम असताना, शक्य तर उड्डाणानंतर लगेच, ऑइल काढा. गरम ऑइलबरोबर घाण बाहेर येते. भांडं स्वच्छ हवं, म्हणजे त्यात पडलेलं काही असलं तर दिसेल. ऑइलचं विश्लेषण करून घेत असाल तर नमुना धार सुरू होताना किंवा संपताना घेऊ नका, मधल्या धारेतून घ्या. एका अहवालावरून घाबरून जायचं कारण नसतं; लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियम यांचे आकडे मागच्या अहवालांच्या तुलनेत चढत आहेत का, ते बघायचं.

जाळी काढून पांढऱ्या फडक्यावर धुवा आणि जे निघेल ते भिंगातून पाहा. काळे कण बोटांत चिरडले गेले तर तो कार्बन आहे, त्याची फारशी काळजी नको. न चिरडणाऱ्या कणांवर चुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, म्हणजे गिअर, कॅम, रिंग असं काहीतरी. न चिकटणारे चमकदार कण ॲल्युमिनियमचे किंवा बेअरिंगच्या धातूचे. धातू दिसला तर ते कण डबीत ठेवा, विमान उडवू नका आणि इंजिनिअरला बोलवा.

छोट्या काँटिनेंटल इंजिनांची एक खोड माहीत असू द्या. ऑइल काढून संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) बराच वेळ रिकामा ठेवला तर ऑइल पंप कोरडा पडतो आणि नंतर ऑइल ओढत नाही. म्हणून ऑइल काढणं, जाळी धुणं आणि नवं ऑइल भरणं एकाच बैठकीत संपवा, रात्रभर रिकामं ठेवू नका. सुरू केल्यावर ३० सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर लगेच इंजिन बंद करा.

ड्रेन प्लगला आणि जाळीच्या नटाला सेफ्टी वायर लावा. वायरची ओढ नेहमी नट आवळण्याच्या दिशेला असली पाहिजे, आणि इंचाला ६ ते ८ पिळ. मग इंजिन थोडं चालवा, बंद करा, टॉर्च घेऊन गळती बघा आणि पातळी पुन्हा मोजा. ए-६५मध्ये पूर्ण ऑइल ४ क्वार्ट, म्हणजे साधारण पावणेचार लिटर. त्यावर भरलेलं जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) पोटाखालच्या कापडावर जातं.

रेडियल आणि उलटी इंजिनं. टायगर मॉथच्या जिप्सी मेजरमध्ये सिलिंडर खाली लोंबतात. रेडियल इंजिनातही, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेल्या इंजिनात, काही सिलिंडर खाली असतात. उभं असताना ऑइल झिरपून त्या सिलिंडरमध्ये भरतं. ऑइल दाबलं जात नाही. तशा स्थितीत इंजिन सुरू झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी स्विच बंद ठेवून प्रोपेलर हाताने सावकाश फिरवा. कुठे घट्ट अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका आणि उलटाही फिरवू नका. उलटा फिरवला की ऑइल इनटेकच्या नळीत जाऊन बसतं आणि सुरू होताच परत येतं. खालचे प्लग काढून ते बाहेर वाहू द्या. काही जुन्या रेडियल इंजिनांत रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीला) आपोआप ऑइल मिळत नाही, तिथे गनने ग्रीस द्यावं लागतं. तुमचं इंजिन त्यातलं आहे का, ते मॅन्युअलात आधी पाहा.

५. प्लग आणि मॅग्नेटो

ए-६५ची रचना ७३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी झाली. आज त्यात १००एलएल हे विमानाचं पेट्रोल जातं, ज्यात शिसं कितीतरी जास्त असतं. त्यामुळे खालच्या प्लगमध्ये शिशाचे करडे मणी साचतात. प्लग काढा, साफ करा, गॅप लावा (जाड इलेक्ट्रोडच्या प्लगला साधारण ०.०१६ ते ०.०२१ इंच), आणि बसवताना वरचा खाली, खालचा वर अशी अदलाबदल करा. तांब्याचा वायसर दर वेळी नवा. आट्यांना लावायचं अँटी-सीझ अगदी थोडं, आणि टोकाचा पहिला आटा सोडून. ते इलेक्ट्रोडवर गेलं तर प्लग शॉर्ट होतो. हातातून पडलेला प्लग परत बसवू नका, आतली सिरॅमिक तडकलेली बाहेरून दिसत नाही.

मॅग्नेटोच्या आत वंगण द्यायचं काम नव्या माणसाचं नाही. काहींमध्ये कॅमपाशी नमद्याचा तुकडा असतो आणि त्याला मोजके थेंब लागतात. एक थेंब जास्त झाला तर तेल पॉइंटवर (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) जाऊन ठिणगी बंद होते. ते वर्कशॉपवर सोडा.

६. ग्रीस: मिसळू नका

ग्रीस म्हणजे तेल, आणि ते धरून ठेवणारा घट्टक. हा घट्टक कधी लिथियमचा साबण असतो, कधी विशिष्ट प्रकारची चिकणमाती. या दोन जातींच्या ग्रीस एकत्र आल्या की बऱ्याचदा घट्टक कोलमडतो. ग्रीस पातळ होऊन वाहून जाते आणि बेअरिंग कोरडं पडतं. रंगावरून जात ओळखता येत नाही. एरोशेल २२ सारखी मिल-पीआरएफ-८१३२२ मानकाची ग्रीस मातीच्या घट्टकाची आहे. वाहनांच्या दुकानातली बहुतेक ग्रीस लिथियमची असते.

म्हणून विमान हाती आल्यावर पहिल्या वेळी आत कोणती ग्रीस आहे हे लॉगबुकात स्पष्ट नसेल, तर भाग पूर्ण धुऊन, वाळवून नवी भरा. पुढे तीच वापरा आणि तक्त्यात तिचं नाव लिहून ठेवा. आधीच्या मालकाने ‘ग्रीस दिली’ एवढंच लिहिलं असेल तर ती नोंद तुमच्या उपयोगाची नाही.

निपलवर गन लावली की जुनी काळी ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबा आणि बाहेर आलेली पुसून टाका. सांध्याभोवती राहिलेल्या ग्रीसला धूळ चिकटते आणि तिची घासणारी लापशी बनते. गन दाबूनही काही बाहेर येत नसेल तर आतली वाट कडक झालेल्या जुन्या ग्रीसने बंद आहे. निपल काढा, वाट मोकळी करा. ‘गन दाबली म्हणजे ग्रीस गेली’ असं धरून चालू नका.

७. चाकं आणि शेपटीचं चाक

मुख्य चाकांची बेअरिंगं बहुतेक जण वार्षिक तपासणीला करतात. गवताच्या किंवा ओल्या धावपट्टीवरून उडत असाल तर त्याआधी करा. चाक काढण्यापूर्वी टायरमधली हवा सोडा. जुनी चाकं दोन अर्ध्या भागांची आणि बोल्टने जोडलेली असतात. त्यातला एखादा बोल्ट तुटलेला असेल तर आतला दाब चाक फोडून माणसाच्या अंगावर फेकतो. हा धोका खरा आहे, याने जीव गेलेले आहेत.

बेअरिंग मिनरल स्पिरिटमध्ये धुवा आणि वाळवा. हवेच्या झोताने ते फिरवू नका. वंगणाशिवाय प्रचंड वेगाने फिरणारे रोलर निखळून गोळीसारखे उडू शकतात. रोलर आणि कप यांवर खड्डे, गंजाचे डाग किंवा तापून आलेली निळसर झाक दिसली तर कप (बाहेरचं कडं) आणि कोन (रोलर असलेला आतला भाग) दोन्ही बदला. ग्रीस भरताना ती तळहातावर घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा. दुसऱ्या बाजूने रोलरच्या फटींतून ग्रीस बाहेर आली म्हणजे भरलं. वरून नुसतं चोपडणं पुरत नाही. ब्रेकच्या अस्तरापर्यंत ग्रीस जाऊ देऊ नका. नट आवळताना चाक फिरवत राहा; चाक मोकळं फिरावं, पण धरून हलवल्यावर खटखट नको. स्प्लिट पिन नवीच.

शेपटीचं चाक जमिनीला सगळ्यात जवळ असतं, त्यामुळे माती, गवत आणि पाणी तेच खातं. दर २५ तासांना, म्हणजे ऑइल बदलताना, त्याला ग्रीस द्यायची सवय लावा. तेव्हाच वरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना तडा आहे का बघा, चाक धरून डावी-उजवीकडे हलवा, साखळ्यांचे कडे झिजलेत का पाहा. उतरताना शेपूट थरथरत असेल तर त्याचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

८. केबल, पुली, बिजागऱ्या

इथे तेलाचं काम थोडं आणि डोळ्यांचं जास्त.

केबलवरून सुती फडकं ओढा. एखादी तुटलेली तार असेल तर धागा अडकतो. हाताने करू नका, तार बोटात घुसते. सगळ्यात जास्त लक्ष पुलीवरून आणि फेअरलीडमधून (केबलला वाट दाखवणाऱ्या भोकातून) जाणाऱ्या भागाकडे द्या. कंट्रोल एका टोकाला ढकलून तो भाग उघडा पाडा, मग दुसऱ्या टोकाला. केबल सॉल्व्हंटमध्ये भिजवू नका. ती बनवताना आतल्या पदरांना दिलेलं वंगण धुतलं जातं आणि मग ती आतून गंजते, बाहेरून चांगली दिसत राहते. फडक्याला किंचित सॉल्व्हंट लावून पुसणं पुरेसं आहे.

पुली केबलबरोबर फिरतात का ते बघा. खोबणीचा एकाच जागी सपाट झालेला भाग म्हणजे पुली जाम आहे आणि केबल तिच्यावरून घासत जाते. बंद बेअरिंगच्या पुलीला तेल घालू नका. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या जोडाच्या) नळीबाहेर दोन्ही बाजूंना तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत.

बिजागऱ्यांना हलकं, पातळ तेल: एक थेंब, मग तिला जोडलेली हलती फळी पाच-सहा वेळा हलवून तेल आत जाऊ द्या, आणि उरलेलं पुसा. तेल काळं-लालसर होऊन बाहेर आलं तर पिन झिजते आहे. टेफ्लॉनच्या बुशला तेल नको. तेल मुरवलेल्या कांस्याच्या बुशला ग्रीस नको, हलकं तेल हवं. कबच्या ट्रिमच्या (काठीवरचा भार हलका करणाऱ्या यंत्रणेच्या) स्क्रूला वंगण देताना हात आखडता ठेवा, तेल ट्रिमच्या केबलवर आणि पुलीवर गेलं तर केबल घसरते.

थ्रॉटल, मिक्स्चर आणि कार्ब्युरेटर हीटच्या जोडांना प्रत्येकी एक थेंब, आणि तेवढ्यातच त्या प्रत्येकाची स्प्लिट पिन जागेवर आहे का ते बघा.

९. जिथे वंगण नको, किंवा वेगळंच हवं

- बंजी: कबच्या चाकांच्या धक्का झेलणाऱ्या रबरी दोऱ्यांना तेल किंवा पेट्रोल लागू देऊ नका, रबर फुगून सडतं. त्या ताणलेल्या असतात, सोडताना योग्य अवजाराशिवाय हात घालू नका.
- इंधनाचा कॉक: साधी ग्रीस पेट्रोलमध्ये विरघळून कार्ब्युरेटरपर्यंत जाते. इथे पेट्रोलमध्ये न विरघळणारी खास ग्रीसच लागते.
- ब्रेक: लाल रंगाचं मिनरल हायड्रॉलिक ऑइल आणि गाडीचं ब्रेक फ्लुइड एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काही फार जुन्या ब्रेकमध्ये नैसर्गिक रबराचे सील असतात, त्यांना मिनरल ऑइलने सूज येते. सील कोणते आहेत ते आधी शोधा.
- लाकडी प्रोपेलर: बोल्टच्या आट्यांना तेल लावलं की टॉर्कचा आकडा खोटा ठरतो, बोल्ट जास्त आवळला जातो आणि लाकूड चिरडतं. नवा बसवल्यावर पहिल्या उड्डाणानंतर, मग २५ तासांनी, मग दर ५० तासांनी टॉर्क तपासा. हवा दमट-कोरडी होते तसं लाकूड फुगतं-आकसतं, म्हणून ऋतू बदलला की मधेही एकदा. विमान उभं करताना प्रोपेलर आडवा ठेवा, उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते.
- कापड: सिलिकॉनचा स्प्रे जवळपासही मारू नका. त्याचा थर बसला की पुढे डोप (कापड ताणून धरणारा लेप), रंग किंवा ठिगळ धरत नाही. कापडाच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं मात्र दर फेरीला उघडी करा.
- पोलादी नळ्या: आतून गंज धरू नये म्हणून जवसाचं तेल घालायची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. पण त्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा.
- उपकरणं: पॅनेलवरच्या कोणत्याही उपकरणात तेल घालायचं नाही.

१०. काउलिंग बंद करण्यापूर्वी

फडकी आणि हत्यारं मोजा. उघडलेलं प्रत्येक तपासणी-झाकण तक्त्यावर खूण करत बंद करा. मग कॉकपिटमध्ये बसून कंट्रोल दोन्ही टोकांपर्यंत हलवा आणि बाहेर एक माणूस उभा करा. काठी डावीकडे, तर डावं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर गेलं पाहिजे. काठी मागे, तर एलिव्हेटर वर. ‘मोकळं हलतंय’ एवढं पाहून थांबू नका, दिशा मोठ्याने बोलून तपासा. एखादी केबल सोडून परत जोडली असेल तर अनेक देशांत दुसऱ्या अधिकृत व्यक्तीची स्वतंत्र तपासणी लागते. नियम नसला तरी ती करून घ्या.

शेवटी लॉगबुक. ‘वंगण दिले’ असं मोघम लिहू नका. तारीख, एकूण तास, काय काढलं, कोणत्या नावाची आणि मानकाची ग्रीस किंवा ऑइल किती वापरलं, जाळीत काय दिसलं, कोणता भाग बदलला, पुढची खेप किती तासांना किंवा कोणत्या तारखेला, आणि तुमची सही व परवाना क्रमांक. जाळी स्वच्छ निघाली असेल तर तेही लिहा. पुढच्या वेळी त्यात एखादा कण सापडला, तर तो नवा आहे हे त्याच ओळीवरून कळेल.